मंत्रचळ, गोळ्या आणि योगासनं

टोमॅटोवर फवारणी झाली की साबण लावून हातपाय धुवा, अंगावरचे कपडे बदला, हे आम्हीच गावोगाव सांगत असतो. कळंबच्या एका मळ्यात मात्र उलटंच झालं. वहिनी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही तरी यांना सांगा, आता पुरं झालं म्हणून." फवारणीला चार दिवस झाले तरी दादांचं हात धुणं चालूच. हाताची सालटं निघालेली. औषध लागेल या भीतीनं पोरालाही जवळ घेत नव्हते. रात्रीच्या लाईटला मोटार बंद करून घरी यायचं आणि पुन्हा बॅटरी घेऊन घोड नदीकडं स्टार्टर बघायला जायचं, एका रात्रीत सहा-सहा खेपा. आपल्याकडं उसात बिबट्या, तरी पाय थांबत नव्हते.

याला आपण मंत्रचळ म्हणतो आणि हसण्यावारी नेतो. पण हा स्वभाव नव्हे, आजार आहे. नको तो विचार येतो, जीव घाबरा होतो, तो शांत करायला माणूस तीच कृती पुन्हा करतो. घटकाभर बरं वाटतं आणि त्यामुळंच सवय घट्ट होते. घरच्यांनी सारखं 'बंदच आहे मोटार' म्हटलं तरी तेच होतं. म्हणजे मी 'पुरं झालं' म्हणून काही उपयोग नव्हता.

मुख्य उपचार दोन. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या, त्यांचा गुण यायला आठ-बारा आठवडेही लागतात. दुसरा, भीती वाटली तरी हात न धुता थांबायचा सराव, तोही जाणकाराच्या देखरेखीखाली, थोड्याथोड्यानं.

योग याच्या जोडीला. आपल्याच जिल्ह्यात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. बंगळूरच्या निम्हान्समध्येही मानसिक आजारांत योगाचा वापर आणि अभ्यास होतो. साध्या आसनांनी, संथ श्वासानं घाबरेपणा कमी व्हायला मदत होते. मंत्रचळाबाबत मात्र पुरावा अजून तोकडा आहे. शेणखत घातलं म्हणून करप्याची फवारणी चुकत नाही, तसंच गोळ्यांचं. त्या मनानं बंद करू नयेत.

आणखी एक. घाबरेपणा असलेल्यानं जोरजोरात श्वासाचे प्रकार एकदम करू नयेत. काहींचा त्रास त्यानं वाढतो. दादांचं वेगळंच झालं. अनुलोम-विलोमाची आवर्तनं मोजता मोजता आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून! डॉक्टरांनी मोजणंच बंद करायला लावलं. मधेच थांबायचं, अर्धवट सोडून उठायचं. तेच त्यांना सगळ्यात जड गेलं.

कुणाला विचारायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, मराठीतही बोलता येतं.

परवा मळ्यावर गेलो तेव्हा दादा ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. म्हणाले, "साहेब, काल रात्री दोनच खेपा." वहिनी आतून म्हणाल्या, "तीन."