तळघरातला बोरघाट

मंडळी, 'आरोग्य आणि अर्थ' या पानावर आगगाडी कशाला, असे आपल्याला वाटेल. पण इथल्या लांबलचक थंडीत हाताने करायचा एखादा छंद मोठा आधार देतो, आणि तो नीट बेतला नाही तर खिशाला व प्रकृतीला चाट बसते. व्यवसायाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेली तीन वर्षे आमच्या तळघरात 'एचओ' मापाची, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकाराची रेल्वे उभी राहते आहे.

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले की गाडी चालवता येत नसल्याने दिवसभर खिडकीशी बसून असत. रेल्वे पाहून त्यांनी एकच अट घातली, "अरे, घाट नसेल तर ती कसली रेल्वे?" बोरघाट १८६३ साली सुरू झाला, त्याचा सर्वांत अवघड चढ ३७ फुटांना १ फूट. एका रुळावरून दुसरा न्यायला ३ इंच उंची लागते, म्हणजे १११ इंच, सव्वानऊ फूट चढ. उतरायला तेवढेच. चार बाय आठ फुटांच्या टेबलावरची एक फेरी जेमतेम एकोणीस फुटांची! हा हिशेब बाबांनी कागदावर केला आणि आम्ही टेबल भिंतीकडेने वाढवले. लाकूड कापण्याआधी कागद वापरावा. तो स्वस्त असतो.

आता पैशाचे. आम्ही महिन्याला ६० डॉलर ठरवले आहेत. उरले तर पुढच्या महिन्यात, संपले तर थांबायचे. जुन्या इंजिनांना डिजिटल नियंत्रण द्यायचे तर प्रत्येकात डीकोडर लागतो. साधा साधारण ३० डॉलरला मिळतो, आवाजाचा शंभरच्या पुढे जातो. दहा इंजिने असली तरी दोनच आधी सुधारावीत. जुने पितळी रूळ फुकट मिळाले तरी मोह टाळावा. त्यांवरचा गंज वीज अडवतो. निकेल सिल्व्हरचे रूळ घ्यावेत.

विजेबाबत मात्र काटकसर नको. ५ अँपिअरचा बूस्टर १५ व्होल्टला ७५ वॉट देतो. तारा बारीक असल्या तर शॉर्ट झाल्यावरही प्रवाह पुरेसा वाढत नाही, बूस्टर वीज तोडत नाही, आणि गाडीचे प्लॅस्टिक वितळू लागते. मुख्य तार १४ गेजची ठेवा आणि दर तीन फुटांवर रुळाला जोड द्या. मग दोन्ही रुळांवर आडवे क्वार्टरचे नाणे टाकून पाहा. वीज तत्क्षणी तुटलीच पाहिजे. प्रत्येक तुकड्यावर ही परीक्षा घ्या.

घरात लहान मूल असेल तर डाग द्यायला शिसेविरहित सोल्डर वापरा. शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांना सुरक्षित मानले जात नाही, आणि ते धुरापेक्षा हातांवाटे पोटात जाते. म्हणून काम झाले की साबणाने हात धुवायचे, टेबलाशी खाणे-पिणे बंद. धूर मुख्यतः रोझिनचा असतो, त्याने दमा उद्भवू शकतो. खिडकी उघडून पंखा बाहेरच्या दिशेने लावावा. आमची पाच वर्षांची कन्या फक्त झाडे चिकटवते.

शेवटी विमा. प्रत्येक इंजिनाचा फोटो आणि पावती घराबाहेर ठेवा. पुराचे नुकसान घराच्या नेहमीच्या पॉलिसीत धरलेले नसते. तळघरातला सम्प पंप बंद पडून पाणी आले तर त्यासाठीही बहुधा वेगळे कलम घ्यावे लागते. नुकसानभरपाई नव्या किमतीने मिळेल की घसारा कापून, हेही एजंटला विचारून घ्या.

बाबा आता सकाळी चहा होताच आजोबा-नातीची टोळी घेऊन खाली जातात. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालूच आहेत. रेल्वे हे काही औषध नव्हे. पण परतीचे तिकीट कधीचे, हे यंदा त्यांनी अजून विचारलेले नाही.