स्कॅन करा, पण आधी वाचा

गेल्या वर्षी रमजानच्या थोडे आधीची गोष्ट. असरची नमाज होऊन गेली होती आणि मी घरी चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. तेवढ्यात शेजारच्या खाला हातात फोन धरून आल्या. खाला शिलाईकाम करतात. आंबीत आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांचे कपडे त्यांच्याच हातचे. मोटरवर चालणारी नवी मशीन घेतल्यावर जुनी पायमशीन विकायची म्हणून त्यांच्या नातवाने तिचा फोटो मोबाइलवर टाकला होता. किंमत लिहिली होती चार हजार.

"बेटी, गिऱ्हाईक मिळालं बघ," खाला म्हणाल्या. "निम्मे पैसे आगाऊ पाठवतो म्हणतोय. त्याने हा चौकोन पाठवलाय. तो स्कॅन केला की दोन हजार जमा होतील म्हणे. पण चौकोन माझ्याच फोनमध्ये आणि स्कॅनही माझ्याच फोनने करायचा, ते कसं जमायचं?"

प्रश्न रास्त होता. शिक्षकी पेशाची सवय अशी की कुणी "कसं करायचं" विचारलं की मी आधी करून दाखवते. मी पैशांचे ॲप उघडले, स्कॅनच्या पडद्यावरचे गॅलरीचे चिन्ह दाबले आणि तो फोटो निवडला. लगेच एक अनोळखी नाव आले, त्याखाली २,००० हा आकडा आणि सगळ्यात खाली पैसे देण्याचे बटण. पलीकडचा माणूस फोन करून घाई करतच होता, "आजी, पिन टाका, म्हणजे पैसे येतील." खालांचे बोट पडद्याकडे गेले.

"खाला, थांबा! हे पैसे यायचे नाहीत, जायचे आहेत."

पैसे वाचले. पण त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. स्कॅन कसे करायचे ते मी खालांना मिनिटभरात शिकवले होते. स्कॅन केल्यावर काय वाचायचे, ते मात्र सांगितलेच नव्हते. म्हणून हा लेख. स्कॅन करण्याच्या पद्धती यात आहेतच, पण त्यांच्याबरोबर वाचण्याची सवयही लावून घेऊ या.

हा चौकोन आला कुठून?

क्यूआर कोडचा जन्म १९९४ मध्ये जपानमध्ये झाला. डेन्सो वेव्ह कंपनीतले अभियंते मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. आधीच्या उभ्या रेघांच्या बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरे मावत. त्यामुळे एकाच खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागत आणि कामगारांना ते एकामागून एक वाचावे लागत. हारा यांना काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा गो हा खेळ खेळताना या चौकोनाची कल्पना सुचली. क्यूआर म्हणजे क्विक रिस्पॉन्स, झटपट उत्तर. कंपनीने या कोडच्या वापरावर हक्क गाजवला नाही, म्हणून तो जगभर पसरला.

माझ्या मुलांचे अब्बू तळेगाव एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहेत. त्यांना ही हकीकत सांगितली तर हसले. "आम्ही रोज तेच तर करतो," म्हणाले. चाकण-तळेगावच्या गाड्यांच्या कारखान्यांत या चौकोनाचे मूळ काम आजही चालू आहे.

कोडच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. कोड सुलटा आहे की उलटा, हे फोन त्यांवरून ओळखतो. त्यामुळे कोड तिरका असला तरी चालतो. बाकीच्या बारीक ठिपक्यांत मजकूर असतो आणि तोच मजकूर काही प्रमाणात जादाही साठवलेला असतो. बनवतानाच तशी सोय केली असेल तर कोडचा जवळजवळ ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. वह्या-पुस्तकांवर चहा सांडणाऱ्या आपल्या घरांसाठी ही मोठीच सोय!

मी वर्गात उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून शिकवते. ही मात्र अशी लिपी आहे, जिच्यापुढे शिकलेले आणि न शिकलेले सगळे सारखेच. कोडकडे नुसते पाहून त्यात काय आहे, हे मलाही सांगता येत नाही आणि खालांनाही नाही. ते फोनलाच विचारावे लागते. म्हणून फोन काय उत्तर देतो, ते वाचणे गरजेचे.

फोनवर स्कॅन करताना

समोरचा कोड कागदावर, पाटीवर किंवा दुसऱ्या पडद्यावर असेल तर:

१. फोनचा नेहमीचा कॅमेरा उघडा. आजकालच्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आणि सर्व नव्या आयफोनमध्ये कॅमेराच कोड वाचतो.

२. फोन कोडपासून वीतभर दूर धरा. पूर्ण चौकोन आणि त्याभोवतीची पांढरी कडा पडद्यावर दिसली पाहिजे. फोटो काढायचा नाही, फक्त फोन स्थिर धरायचा.

३. क्षणभरात पडद्यावर एक पत्ता किंवा ओळ येते. ती आधी वाचा, मगच तिच्यावर बोट ठेवा.

कॅमेरा काहीच दाखवत नसेल तर गुगल लेन्स वापरा. गुगलच्या शोधपट्टीत कॅमेऱ्याचे छोटे चिन्ह असते, तेच ते. तरीही कोड वाचला जात नसेल तर बहुतेक वेळा दोष फोनचा नसतो. काचेवर तेलाचा हात लागलेला असतो, तो ओढणीच्या टोकाने पुसा. उजेड कमी असेल तर दिवा लावा. कागद चुरगळला असेल तर सपाट करा. आपण घाईने फोन कोडला चिकटवतो, तो थोडा मागे घ्या.

खालांसारखा प्रश्न पडला, म्हणजे कोडचे चित्र आपल्याच फोनमध्ये असेल, तर गुगल फोटोजमध्ये ते चित्र उघडून लेन्सचे चिन्ह दाबा. आयफोनवर फोटोतल्या कोडवर बोट दाबून धरा.

स्कॅनिंगसाठी वेगळे ॲप घेण्याची गरज सहसा पडत नाही. अशा फुकट ॲपमध्ये जाहिरातींचा मारा असतो आणि काही तर फसवेही निघतात.

संगणकावर स्कॅन करताना

संगणकाच्या पडद्यावरचा कोड फोनमध्ये उघडायचा असेल तर फोन पडद्यासमोर धरला की झाले. तोच कोड संगणकावरच उघडायचा असेल तर क्रोम ब्राउझरमध्ये त्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबा आणि गुगल लेन्सने शोधण्याचा पर्याय निवडा. कोड कागदावर असेल तर विंडोज ११ च्या कॅमेरा ॲपमध्ये बारकोडचे चिन्ह निवडून कागद वेबकॅमसमोर धरता येतो.

व्हॉट्सॲप संगणकावर चालवतानाही कोड लागतो. फोनमधल्या व्हॉट्सॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांचा पर्याय उघडून संगणकावरचा कोड स्कॅन करायचा. हा कोड म्हणजे आपल्या घराची किल्लीच. तो स्कॅन केला की आपले निरोप त्या संगणकावर दिसू लागतात. म्हणून सायबर कॅफेत काम झाले की लॉगआउट केल्याशिवाय उठू नका. आणि "बक्षीस लागलंय, व्हॉट्सॲपमधून हा कोड स्कॅन करा" असे कुणी सांगितले तर मुळीच ऐकू नका.

पुस्तकातला खजिना

क्यूआर कोड म्हटले की आपल्याला पैसेच आठवतात. पण महाराष्ट्रात त्याचे एक फार सुंदर काम झाले आहे, आणि तेही एका जिल्हा परिषद शाळेतून. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड लावले. कोड स्कॅन केला की मुलांना कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, गृहपाठ मिळे. त्यांच्या वर्गातल्या अनेक मुलांची घरची भाषा कन्नड होती. तेव्हा गुरुजी स्वतः कन्नड शिकले. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड देण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली.

आज आपल्या मुलांच्या दप्तरात बालभारतीचे पुस्तक असेल तर त्यातला कोड दीक्षा ॲपने स्कॅन करून पाहा. ॲप फुकट आहे. कोडखाली छापलेली सहा अक्षरे ॲपमध्ये टाइप केली तरी चालते, त्यामुळे फोनचा कॅमेरा बिघडला म्हणून अभ्यास अडत नाही. पालकसभेत मी हे सांगते तेव्हा किती तरी अम्मी म्हणतात, "आपा, आम्हाला वाटलं ती नुसती नक्षी आहे." ज्या आईला स्वतःला मुलाचा धडा वाचून दाखवता येत नाही, तिला तो ऐकवता तरी येईल.

औषधांचेही तसेच. १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० प्रचलित ब्रँडवर क्यूआर कोड किंवा बारकोड छापणे बंधनकारक झाले आहे. तो स्कॅन केल्यावर औषधाचे नाव, बनवणारी कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख कळते. घरात बुजुर्ग माणसे असतील तर पाकिटावरची बारीक अक्षरे वाचण्यापेक्षा हे सोपे पडते.

पैशांचा कोड

आता पुन्हा खालांकडे येऊ. पैशांच्या बाबतीत एकच नियम पाठ करा: कोड घेणाऱ्याचा, पिन देणाऱ्याचा. ज्याला पैसे घ्यायचे असतात, तो आपला कोड दाखवतो. ज्याला द्यायचे असतात, तो स्कॅन करून पिन टाकतो. पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे आपल्या खात्यातून चालले आहेत.

दुसरी फसवणूक याहून गुपचूप होते. दुकानाच्या किंवा दानपेटीच्या कोडवर कुणीतरी आपला कोड चिकटवून जातो. आपण सदका दिल्याचे समाधान घेऊन घरी येतो आणि पैसे भलत्याच्या खिशात जातात. रमजानमध्ये जकातीसाठी व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आवाहनांतही कोड असतात. सोबतचा फोटो पाहून मन हेलावते, पण मदरशाच्या नावाने आवाहन असेल आणि पडद्यावर एखाद्याचे खासगी नाव येत असेल, तर हात थांबवा आणि संस्थेला फोन करून विचारा. जकात योग्य हातात पोचवणे, ही आपलीच जबाबदारी आहे. मशिदीच्या विश्वस्तांनीही दर जुम्म्याला पेटीवरचा कोड एकदा स्वतः स्कॅन करून नाव तपासावे. एक मिनिटही लागत नाही.

पत्ता उघडणारा कोड असेल तर पत्त्याचे स्पेलिंग वाचा. तिथे बँकेची माहिती किंवा ओटीपी मागितला तर पान बंद करा. आणि फसलोच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. घरातल्या कुणाकडून अशी चूक झाली तर रागावू नका. ओरडा खावा लागेल या भीतीने माणूस गोष्ट लपवतो आणि तोवर वेळ निघून जातो.

खालांची पायमशीन नंतर तळेगावच्या एका मुलीने नेली, पैसे रोख मोजून. आता खालांच्या भिंतीवर त्यांचा स्वतःचा क्यूआर कोड लावलेला आहे. परवा मी शिलाईचे पैसे द्यायला गेले, कोड स्कॅन केला आणि पिन टाकणार तेवढ्यात खालांनी हात धरला.

"थांब बेटी. नाव कुणाचं आलंय? आधी मोठ्यानं वाच."