ब्रिटन आणि युरोप: उशिरा स्वीकारलेले सदस्यत्व

युरोपीय एकीकरणाबाबत ब्रिटनच्या मनात सतत राहिलेली साशंकता केवळ बेटावरच्या अलिप्त वृत्तीतून आलेली नव्हती; ज्या हेतूने इतर देश एकत्र आले, तो हेतू ब्रिटनने कधी पूर्णपणे आपला मानला नाही, हे तिचे मुख्य कारण होते. १९५० मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमां यांनी फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांचे कोळसा आणि पोलाद उत्पादन एका सामाईक प्राधिकरणाकडे, म्हणजे सदस्य सरकारांवरही बंधनकारक निर्णय घेऊ शकणाऱ्या मंडळाकडे, सोपवण्याची योजना मांडली. युद्धात होरपळलेल्या देशांना तीत शांततेची हमी दिसली; कोळसा खाणींचे नुकतेच राष्ट्रीयीकरण केलेल्या ॲटली सरकारला मात्र त्यांवरील अधिकार सोडणे मान्य नव्हते, आणि ब्रिटनचा व्यापारही तेव्हा पश्चिम युरोपपेक्षा राष्ट्रकुलाशी अधिक होता.

१९५७ च्या रोम करारान्वये सहा देशांनी युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन केला, तेव्हाही ब्रिटन बाहेरच राहिला. पुढे समुदायाची भरभराट झाली आणि ब्रिटनने १९६१ मध्ये व पुन्हा १९६७ मध्ये प्रवेशासाठी अर्ज केला. परंतु फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. द गॉल पायउतार झाल्यावरच, पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या कारकिर्दीत, १ जानेवारी १९७३ रोजी प्रवेश साध्य झाला.

या विलंबाची किंमत मोठी होती. समुदायाच्या उत्पन्नाची पद्धत सहा सदस्यांनी एप्रिल १९७० मध्ये, म्हणजे प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू होण्यापूर्वीच, ठरवून टाकली होती. तीनुसार बाहेरून येणाऱ्या मालावरील जकात आणि शेतमालावरील आयातकर समुदायाच्या तिजोरीत जात, तर खर्चाचा मोठा भाग सामाईक कृषी धोरणावर, म्हणजे शेतमालाला हमीभाव देण्यावर, होई. न्यूझीलंडसारख्या दूरच्या देशांतून अन्न आणणाऱ्या आणि तुलनेने लहान शेतीक्षेत्र असलेल्या ब्रिटनला त्यामुळे अधिक भरावे लागे व कमी परत मिळे. १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्के मतदारांनी सदस्यत्वाला कौल दिला, तरी हा वाद १९८४ पर्यंत चालला. मार्गारेट थॅचर यांनी त्या वर्षी फाँतेनब्लो येथे वर्गणीचा काही भाग परत मिळवण्याचा हक्क पदरात पाडून घेतला.

पैशाचा प्रश्न असा सुटला, पण सार्वभौमत्वाचा सुटला नाही. समुदायाचा कायदा राष्ट्रीय कायद्याहून वरचढ ठरत असतानाही, मूलभूत सार्वभौमत्वाला धक्का लागणार नाही, असे आश्वासन हीथ सरकारने १९७१ च्या श्वेतपत्रिकेत दिले होते. मास्ट्रिक्ट कराराने सामाईक चलनाचा मार्ग आखला, तेव्हा ब्रिटनने त्यातून सूट घेतली. सदस्यत्वाचे समर्थन मुख्यतः व्यापारी लाभाच्या भाषेत होत राहिल्याने, २०१६ च्या सार्वमतात विरोधकांनी निर्णयाधिकाराचा प्रश्न पुढे केला, तेव्हा समर्थकांकडे आर्थिक नुकसानीच्या इशाऱ्यांखेरीज फारसे उत्तर नव्हते, आणि सुमारे ५२ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले.