अम्मीचा फोटो

अनसिंगसारख्या गावात अम्मीचा फोटो शोधायचा म्हटले, तर बहुतेक घरांत कागदपत्रांची पिशवी उघडावी लागते. मतदार कार्ड, आधार, फार तर हजच्या अर्जासाठी पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला. सगळे सरकारने मागितलेले. लग्नाच्या अल्बममध्ये ती असते, पण कुणाच्या तरी खांद्याआड.

म्हणून आम्ही सुचवतो, या ईदला तिला साडीऐवजी फोटोग्राफरकडून काढून घेतलेला सगळ्या कुटुंबाचा फोटो द्या. पुण्या-मुंबईची मुले तेव्हाच एकत्र येतात. नमाजनंतर लगेच मात्र नको, तेव्हा ती शीरखुर्म्याच्या पातेल्यापाशी असते. दुपार टळल्यावर बरे.

आधी तिला विचारा. फोटोबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि चेहरा कुणाला दिसावा, हे तिनेच ठरवायचे. नाही म्हणाली, तर विषय तिथेच संपला. हो म्हणाली, तर शक्यतो महिला फोटोग्राफर पाहा आणि पैसे ठरवतानाच बजावा: हा फोटो दुकानाच्या काचेत लागणार नाही, फेसबुकवर जाणार नाही. स्टेटसची हौस आपल्या पोरांनीही आवरावी! भिंतीवर नको असेल, तर 8 बाय 12 इंचांची प्रत अल्बममध्ये ठेवा. आणि मधली खुर्ची अम्मीची. नातवंडांना जागा देण्यासाठी ती उठू लागेल, तेव्हा उठू देऊ नका.