अरण्याचे आगाऊ तिकीट

रायपूरहून सिमगा, बेमेतरा, कवर्धा असा प्रवास करीत चिल्फीचा घाट चढून गेले की मैकल पर्वतरांगेतील सालवृक्षांची अरण्ये सुरू होतात. त्यांच्याच पुढे, मध्य प्रदेशाच्या हद्दीत, कान्हा राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. त्याचे मुक्की प्रवेशद्वार रायपूरपासून मोटारीने पाच-सहा तासांच्या अंतरावर येते. कवर्धाजवळ वाट थोडी वाकडी करून भोरमदेवाचे प्राचीन मंदिर पाहण्याची इच्छा झाली, तर तसे खुशाल करावे. त्यासाठी पूर्वतयारी लागत नाही. कान्हाची गोष्ट निराळी आहे. शुक्रवारी कचेरीतून परतल्यावर बेत ठरवून शनिवारी पहाटे दारात उभ्या राहणाऱ्या कुटुंबाला, विशेषतः नाताळच्या सुट्टीत, बहुधा निराश होऊन परतावे लागते. त्या दिवसाची तिकिटे कित्येक आठवडे आधीच विकली गेलेली असतात.

आगाऊ आरक्षणाची कल्पना आपल्याला रेल्वेमुळे परिचित आहे. परंतु रेल्वेच्या डब्यातील जागा मोजता येतात, आणि गर्दी फारच वाढली तर जादा डबा जोडता येतो. अरण्यात बाके मांडलेली नसतात. तेथे किती माणसे सामावतील, हा आकडा प्रथम ठरवावा लागतो.

हा आकडा ठरविण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटनास तात्पुरती मनाई केली. ऑक्टोबरात ती उठली, पण तोपर्यंत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली होती. त्यानुसार गाभाक्षेत्राच्या २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटकांना खुला ठेवता येत नाही, आणि प्रत्येक प्रकल्पाने आपली धारणक्षमता काढावी लागते. समजा, एखाद्या उद्यानात १०० किलोमीटर रस्ता आहे. दोन गाड्यांमध्ये निदान ५०० मीटर अंतर हवे असेल, तर एका वेळी २०० गाड्या मावतील. उद्यान दिवसातून ९ तास उघडे असते आणि एका फेरीला साडेतीन तास लागतात असे धरले, तर दिवसाकाठी सुमारे ५०० फेऱ्या होतील. मात्र हा केवळ रस्त्याचा हिशेब झाला. मग त्यातून वजावटी सुरू होतात. कोठे रस्त्याची धूप झालेली असते, कोठे जनावरांचा विणीचा किंवा माजाचा काळ असतो, कोठे पहाऱ्याला पुरेशी माणसे नसतात. अखेरीस उरणारा आकडा मूळ आकड्याच्या मानाने फारच लहान असतो.

कान्हाच्या बाबतीत या वजावटी कागदी नाहीत. कठीण भूमीवर राहणाऱ्या बारशिंग्यांची संख्या १९७० मध्ये येथे अवघी ६६ उरली होती. कुरणे जपून, शिकार रोखून ती पुन्हा वाढविण्यात आली. या हरणांचा माजाचा काळ डिसेंबर-जानेवारीत येतो, आणि माणसांची सुट्टी नेमकी त्याच वेळी पडते. शिवाय या अरण्यासाठी बैगा आणि गोंड लोकांची गावे तेथून हलविण्यात आली. ज्यांची घरे तेथे होती त्यांना बाहेर जावे लागले असताना पाहुण्यांच्या संख्येला मुळीच मर्यादा नसावी, हे न्यायाला धरून झाले नसते.

अशी मर्यादा अन्यत्रही घालावी लागली आहे. फ्रान्समधील लास्को येथील गुहाचित्रे प्रेक्षकांच्या श्वासाने बिघडू लागली, तेव्हा १९६३ मध्ये ती गुहा लोकांना कायमचीच बंद करण्यात आली. मिलान येथील लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’ हे भित्तिचित्र पाहण्यास लहान लहान गटांना केवळ १५ मिनिटे मिळतात. आगाऊ तिकीट ही, दार कायमचे लावून घेण्याच्या मानाने, सौम्यच व्यवस्था म्हणावयाची.

कान्हाच्या तिकिटावर दिवस, सकाळची वा दुपारची फेरी आणि उद्यानाचा विभाग ठरलेला असतो. एका गाडीत सहा प्रवासी बसतात. वाटाड्या आणि चालक निराळे. तिकीट नावानिशी दिले जाते व दारावर ओळखपत्राशी ताडून पाहिले जाते. असे नसते, तर दलालांनी सारी तिकिटे आधीच विकत घेऊन सुट्टीत चढ्या भावाने विकली असती. बुधवारी दुपारी फेरी नसते, आणि पावसाळ्यात गाभाक्षेत्र बंदच असते.

या व्यवस्थेत एक उणीव राहते. पूर्वी जो पहाटे लवकर उठून रांगेत उभा राही त्याला प्रवेश मिळे. आता जो महिनोन्‌महिने आधी रजा ठरवू शकतो आणि पैसे अडकवून ठेवू शकतो त्याला मिळतो. रोजंदारीवर काम करणाऱ्याला किंवा लहान दुकानदाराला हे साधणे कठीण. रायपूरकरांपैकी अशा कुटुंबांना बारनवापारा अभयारण्य अधिक जवळचे ठरते. शहरापासून ते साधारण शंभर किलोमीटरांवर आहे. गवे, अस्वले, बिबटे आणि हरणे तेथेही आहेत.