भिंतीआडची ठेव

पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी ‘तूर दार्जां’ नावाचे एक जुने, नामांकित भोजनगृह आहे. सहाव्या मजल्यावरील त्याच्या भोजनदालनातून नोत्र दाम कॅथेड्रलचे दर्शन घडते. येथील खास पदार्थ बदकाचा. १८९० पासून पाहुण्यांना वाढल्या जाणाऱ्या प्रत्येक बदकाला क्रमांक दिला जातो व तो क्रमांक असलेले कार्ड पाहुण्याच्या हाती ठेवले जाते. २००३ मध्ये हा आकडा दहा लाखांवर गेला. बँकेच्या खातेवहीलाही हेवा वाटावा, अशीच ही नोंद!

परंतु या वास्तूची खरी पुंजी तिच्या तळघरात आहे. तेथे लाखो बाटल्या वर्षानुवर्षे अंधारात आणि गारव्यात मुरत पडलेल्या असतात. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा मालकांचे चिरंजीव क्लोद तेराय हवाई दलात होते. अल्पशी रजा मिळवून ते धावत आले आणि उत्तमोत्तम बाटल्या एका नव्या भिंतीआड चिणल्या गेल्या. शत्रूने तळघर धुंडाळले. भिंतीमागची ठेव मात्र सुरक्षित राहिली. पुढे डिसेंबर २००९ मध्ये याच तळघरातील सुमारे १८,००० बाटल्यांचा लिलाव झाला. जपलेली ठेव योग्य वेळी मोकळीही करावी लागते, हे व्यवहाराचे सूत्र तेथेही चुकलेले नाही.

अशा ठिकाणी वाइनची किंमत डोळे विस्फारणारी असते. तिच्यात द्राक्षांच्या मोलाबरोबर जागा, निगा आणि कित्येक वर्षे अडकून पडलेले भांडवल यांचाही वाटा असतो. येथील मद्यसूची सुमारे ४०० पानांची, आठ किलो वजनाची! असा ग्रंथ समोर आला की भिडस्त माणूस बावरतो. सोबतच्या मंडळींसमोर किंमत विचारायची कशी, या संकोचापायी तो नको तेवढा खर्च करून बसतो.

वस्तुतः संकोचाचे कारण नाही. मद्याची जाण असलेला सेवक, म्हणजे ‘सोमेलिये’, मदतीसाठीच उभा असतो. सूचीतील आपल्याला परवडणाऱ्या आकड्यावर बोट ठेवून ‘साधारण अशी सुचवा’, एवढे म्हटले की तो उमजतो. सोबत्यांना आकडा कळतही नाही. बाटली आणल्यावर नाव आणि साल पडताळून पाहावे. पेल्यात प्रथम घोटभर ओततात, तो वाइन बिघडलेली नाही ना, याची खात्री करण्यासाठी. बिघडली असल्यास ती परत करणे हा पाहुण्याचा हक्कच होय. मद्य न घेणाऱ्यानेही तसे मोकळेपणाने सांगावे. त्याने यजमानांचा अवमान होत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपल्याकडची शिकवण सीनच्या काठीही तितकीच उपयोगी पडते. बिल येईल तेव्हा चेहऱ्यावरचे समाधान टिकून राहावे, एवढी काळजी घेतली की त्या खिडकीतले नोत्र दाम अधिकच सुंदर दिसेल.