२३ मांजरांचा लेखक

‘नोकरी सोडतोय, आता फक्त लिहिणार,’ असं घरातल्या कर्त्या माणसाने जाहीर केलं, तर आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘मग घर कसं चालणार?’ प्रश्न रास्तच आहे. मुक्त लेखकाला एक तारखेचा पगार नसतो, रजा नसते, पेन्शन तर नसतेच. त्यातून घरात मांजरं असतील, तर खाणारी तोंडं आणखी वाढतात. पॉल गॅलिको या अमेरिकन लेखकाच्या घरात अशी २३ मांजरं होती!

गॅलिकोचा जन्म १८९७ चा, न्यूयॉर्कमधला. ‘डेली न्यूज’ या दैनिकात तो चित्रपट परीक्षणं लिहायचा. पण ती इतकी खोचक असत, की मालकांनी त्याची रवानगी क्रीडा विभागात केली. तिथे मात्र त्याचं नशीब उघडलं. १९२३ मध्ये मुष्टियुद्धातला जगज्जेता जॅक डेम्प्सी याच्यासमोर तो स्वतः रिंगणात उतरला. कशासाठी? तर ठोसा खाल्ल्यावर नेमकं काय वाटतं, ते वाचकांना सांगता यावं म्हणून. दोन मिनिटंही टिकला नाही; पण त्या लेखाने त्याचं नाव झालं. पुढे तो क्रीडा संपादक झाला आणि शहरातल्या सर्वाधिक पगाराच्या क्रीडा पत्रकारांत गणला जाऊ लागला.

आणि १९३६ मध्ये त्याने ही नोकरी सोडली.

हा निर्णय लहर म्हणून घेतलेला नव्हता. नोकरीत असतानाच त्याच्या कथा मासिकांत छापून येत होत्या. एका कथेचे चित्रपटासाठी ५,००० डॉलर मिळाले, ती शिदोरी घेऊन तो युरोपला गेला. इंग्लंडच्या दक्षिणेला डेव्हनमधल्या सॅलकोम या गावी, टेकडीवर त्याने घर घेतलं. सोबतीला एक ग्रेट डेन कुत्रा आणि ही २३ मांजरं.

सुरुवातीला नाव मिळवून दिलं ते दुसऱ्याच पुस्तकाने. डंकर्कच्या माघारीची पार्श्वभूमी असलेली ‘द स्नो गूज’ ही छोटीशी कथा १९४१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि गाजली. मांजरं त्याच्या लेखनात ठळकपणे आली, ती नंतर. १९५० च्या ‘जेनी’मध्ये पीटर नावाचा मुलगा पांढरं मांजर होऊन लंडनच्या रस्त्यावर येतो. अंग कसं चाटायचं, अनोळखी जागी कसं वागायचं, हे त्याला जेनी ही भटकी मांजरी शिकवते. १९५७ च्या ‘थॉमसिना’त एक पशुवैद्यच आपल्या मुलीच्या मांजरीला कायमचं झोपवायला लावतो आणि मुलगी त्याच्याशी बोलणंच टाकते. १९६४ चं ‘द सायलेंट मियाव’ तर मांजरीने इतर मांजरांसाठी लिहिलेलं मार्गदर्शक पुस्तक आहे: माणसाचं घर, खुर्ची, बिछाना कसा ताब्यात घ्यावा! त्यातली नामी युक्ती म्हणजे तोंड उघडायचं, पण आवाज काढायचा नाही. माणूस विरघळतोच.

ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांना यातलं निरीक्षण किती खरं आहे ते सांगायला नको. असं लिहायला मांजरांच्या सहवासात वर्षं काढावी लागतात. ज्यांना त्याने खाऊपिऊ घातलं, त्यांनीच पुढे त्याच्या चुलीला हातभार लावला, असं म्हणायला हरकत नाही.

गॅलिको १९७६ मध्ये वारला. तोवर त्याची चाळीसहून अधिक पुस्तकं झाली होती. ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ हा बुडत्या जहाजाचा चित्रपट आठवतोय? ती कादंबरीही त्याचीच. आपण काही मोठे साहित्यिक नाही, आपल्याला गोष्टी सांगायला आवडतात इतकंच, असं तो म्हणत असे.

तेव्हा घरातलं कुणी लिहिण्यासाठी नोकरी सोडायचं म्हणत असेल, तर लगेच ‘नाही’ म्हणू नका. आधी दोन गोष्टी विचारा: लिहिलेलं कुणी विकत घेतंय का, आणि काही महिन्यांची शिदोरी बाजूला आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर जाऊ द्या. मांजरं मात्र एकदोनच पुरेत!